पुरातत्त्वात एमए करायचं आहे? मग आधी गावची रिठी बघून या

मी आर्किऑलॉजीला ॲडमिशन घेतली हे गावात कळलं तेव्हा पानठेल्यावर पहिला प्रश्न आला, "म्हणजे गुप्तधन काढाचं शिकवतेत का बे तिथं?" आणि दुसरा लगेच, "मंग नोकरी?" पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर खाली लिहितो पण पार शेवटी, कारण ते आधी वाचलं तर बाकीचं कोणी वाचणार नाही.

हे लिहून राहिलो ते आपल्याकडच्या पोरापोरींसाठी, कुही, पवनी, हिंगणघाट, दर्यापूर, संग्रामपूर, कुठलेही असा, ज्यांचं बीए बीकॉम बीएस्सी काहीतरी झालं किंवा होत आलं आणि घरी सगळे म्हणून राहिले की बीएड कर नाहीतर पोलीस भरतीचा फॉर्म भर, पण डोक्यात जुनी देवळं, गढ्या, नाणी हेच फिरून राहिलं. मीही त्यातलाच. आमचं गाव कुही-भिवापूरच्या पट्ट्यात, धान आणि मिरचीवालं. अडम आमच्यापासून फार लांब नाही. तिथं एएसआयनं, म्हणजे केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं, १९८८ ते १९९२ च्या दरम्यान खोदकाम केलं, आणि मध्याश्मयुगापासून सातवाहनांपर्यंतचे थर एकाच जागी सापडले. 'अस्सक जनपदा'चं, म्हणजे अश्मकाचं, नाव असलेली मातीची मुद्रा पण तिथलीच. शाळेच्या पुस्तकात सोळा महाजनपदं पाठ केली, त्यात अश्मक पण होतं, पण ते नाव कोरलेली मुद्रा आपल्या तालुक्यात निघाली हे मला एमएला गेल्यावर कळलं. याचा राग अजून येतो.

तर पहिलं काम. फॉर्म नंतर भरा, आधी गावची रिठी बघून या.

रिठी म्हणजे उजाड झालेलं जुनं गाव, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, तलाठ्याच्या कागदात अजून 'मौजा अमुक रिठी' असं लिहून येते आणि तिथं आता नुसतं वावर राहते, एखादा मारुती, एखादी विहीर. म्हातारी माणसं सांगतात ना, गाव आधी तिकडं होतं, पटकी आली म्हणून उठलं. आता मातीकडे बघा. आजूबाजूची माती काळी आणि मधेच एक टेकाड राखाडी, पांढरट, भुसभुशीत. आपल्याकडे गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात ते उगाच नाही, शेकडो वर्षं माणसं राहिली की चुलीची राख, शेण, भिंतींची माती, हाडं, भुसा सगळं एकावर एक साचून माती पांढरी पडते. हीच पांढरी माती लोक घराच्या धाब्यावर टाकायला गाडीनं भरून नेत. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी किती तरी साइट बैलगाडीत भरून छपरावर नेऊन टाकल्या, आता त्यांना काय बोलणार. पण फायदा हा की जिथून माती काढली तिथं आयता उभा छेद राहते. त्यात राखेची रेघ, मग सारवलेल्या जमिनीची रेघ, मग खापराचा थर, सगळं भिंतीवर काढल्यासारखं दिसते. युनिव्हर्सिटीत यालाच सेक्शन म्हणतात आणि तो कसा वाचायचा हे शिकवायला एक पूर्ण सेमिस्टर लागते.

खापरं बघा. आतून काळं, बाहेरून लाल असं खापर दिसलं तर जरा थांबा, याला काळी-आणि-लाल भांडी म्हणतात आणि आपल्याकडे ती लोहयुगाच्या गोटवर्तुळांसोबत भरपूर सापडतात. लाल खापरात अभ्रक चमकत असेल तर तेही तसंच. गोटवर्तुळं म्हणजे मोठे गोटे गोलात मांडलेली जुनी दफनं. नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणीला अशी शेकडो आहेत, रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याबद्दल १८७९ सालीच लिहून ठेवलं, आणि तिथल्या काही गोट्यांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत ते आजही हात लावून बघता येतात. माहूरझरीला घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने निघाले. पारशिवनी तालुक्यातल्या नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. हे सगळं आपल्या एसटीच्या रूटवर आहे आणि आपण इतिहास म्हटला की पुणे, सातारा करत बसतो.

आता महत्त्वाचं. बघा, फोटो काढा, वहीत लिहा, पण उचलू नका आणि खोदू तर अजिबात नका. लायसन्सशिवाय खोदकाम करता येत नाही. जमिनीत दडलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत १० रुपयांच्या वर असली तर कलेक्टरला कळवायचं असा १८७८ चा कायदा अजून चालू आहे, आकडा तेव्हाचाच आहे, त्यामुळे व्यवहारात काहीही सापडलं तरी कळवायचंच. पण कायदा सोडा, दुसरं कारण मोठं आहे. मी आठवीत असताना नाल्याच्या काठावर लाल दगडाचे मणी सापडायचे, कार्नेलियनचे, तेव्हा नाव माहीत नव्हतं, आम्ही ते खिशात भरून आणले आणि बहिणीनं दोऱ्यात ओवले. आता ती माळ घरी डब्यात आहे. सुंदर आहे आणि अभ्यासाच्या कामाची शून्य आहे, कारण कुठला मणी नेमका कुठून, कशाच्या बाजूला होता हे मला आठवत नाही. वस्तू जागेवरून हलली आणि जागा लिहिली नाही की ती वस्तू मुकी होते. एमएची दोन वर्षं वेगवेगळ्या पेपरमध्ये फिरवून फिरवून हेच शिकवतात.

वहीत काय लिहायचं ते सांगतो: तारीख, वावर कोणाचं, गट नंबर, नदी-नाला किती दूर, मातीचा रंग, टेकाडाची उंची अंदाजे, खापरं कोणकोणत्या रंगाची, मोबाइलवरचं लोकेशन. फोटोत मापासाठी पेन किंवा स्केल ठेवा, नाणं ठेवू नका, नंतर फोटो बघणाऱ्याला तेच सापडलं असं वाटते, माझ्यासोबत झालेलं आहे. अशा दोन-तीन रिठ्यांची वही घेऊन तुम्ही ॲडमिशनला गेले तर मास्तर लोक तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात हे नक्की.

वाचायचं काय? पुस्तकं महाग आहेत, आधी फुकटचं घ्या. एएसआय दरवर्षीच्या खोदकामांचा अहवाल काढायची, 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू', १९५३-५४ पासूनचे अंक त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतात. डाउनलोड करा आणि आपल्या जिल्ह्याचं नाव सर्च करा. इथं एक गोची आहे, स्पेलिंग. आपली पवनी त्यात एका जागी एक लिहिलेली, दुसऱ्या जागी वेगळीच, चंद्रपूर तर जुन्या कागदात चांदा आहे, त्यामुळे चार-पाच प्रकारे टाइप करून बघावं लागते, आणि जुना जिल्हा टाका, गडचिरोली १९८२ च्या आधी चंद्रपूरमध्येच होता. आपलं गाव सापडलं की काय वाटते ते मी सांगत नाही. सापडलं नाही तर अजून चांगलं, म्हणजे काम बाकी आहे.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच राहते. अहवाल इंग्रजीत, लेख इंग्रजीत, पण त्यातले शब्द ठरावीक आहेत, दोन-तीनशे शब्द एका वहीत काढले की अहवाल वाचता येतो, कारण वाक्यं सगळी सारखीच असतात, अमुक थरात अमुक सापडलं, तमुक खड्डा तमुक थरातून खणलेला. मी पहिला अहवाल बावीस दिवसात वाचला, पानं होती साठ. पाचवा दोन दिवसात झाला.

आता कुठं जायचं. जवळचं म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, तिथं प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असा वेगळा विभाग आहे. नाव लांब आहे पण विभाग जुना आणि खोदकामवाला आहे, पवनीचे स्तूप १९६९-७० मध्ये एएसआय आणि या विद्यापीठानं मिळून खोदले, पवनार, टाकळघाट-खापा, माहूरझरी, मांढळ यांच्या मागे पण हाच विभाग. दुसरं म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज, येरवड्याला. १८२१ पासूनची संस्था, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया तिथं १९३९ मध्ये आले आणि देशात पुरातत्त्व शिकवायची एक पद्धतच तिथून पसरली. विज्ञानाची बाजू, म्हणजे हाडं, बिया, माती, दगडांची हत्यारं, यात जायचं असेल तर पुणे बघा. बीएस्सी झालेल्यांना वाटते आपलं इथं काय काम, उलट तुम्हीच पाहिजे असता. नागपूरला खर्च कमी, घर जवळ, पेरणीला येता येते, आणि डोक्यावर वाकाटक, म्हणजे आपल्या विदर्भाचे जुने राजे, आहेतच. दोन्हीकडचे फॉर्म भरा, नियम आणि तारखा दरवर्षी त्यांच्या साइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफवर भरवसा ठेवू नका.

कागदपत्रं: टीसी, मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर ते, आणि आधार बँक खात्याला लिंक आहे का ते आधी तपासा. महाडीबीटीची स्कॉलरशिप माझी आठ महिने अडकली ती फक्त यासाठी, मी कॉलेजच्या बाबूला शिव्या घालत फिरलो आणि चूक माझ्याच खात्याची निघाली.

वाकाटक म्हटलं म्हणून सांगतो, कारण आपल्या विषयात वाद कसा चालते हे कळायला याहून चांगलं उदाहरण नाही. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, ती कुठं? जुने लेख वाचणारे अभ्यासक वा. वि. मिराशींनी म्हटलं पवनार, वर्ध्याजवळचं. ताम्रपट वाचून, गावांची नावं जुळवून काढलेलं मत होतं ते, हवेतलं नव्हतं. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी रामटेकजवळ मनसरला खोदकाम सुरू झालं, मोठमोठी विटांची बांधकामं, मूर्ती, मुद्रा निघाल्या, आणि बरेच अभ्यासक म्हणायला लागले की प्रवरपूर हेच. आता परीक्षेत काय लिहायचं असं आमच्या बॅचमधल्या एका पोरीनं विचारलं. दोन्ही लिहायचं, कोण कोणत्या पुराव्यावर बोलते ते लिहायचं. ज्याला एकच उत्तर पाहिजे त्यानं तलाठी भरतीच करावी, तिथं चार पर्यायात एक बरोबर राहते.

लिपी मात्र ॲडमिशनच्या आधीच सुरू करा. ब्राह्मीची मूळ अक्षरं रोज पाच-पाच करून दोन आठवड्यात येतात. मग वाकाटकांची पेटिकाशीर्ष ब्राह्मी बघा, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकोनी पेटी राहते, एकदा डोळ्यात बसली की विसरत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला प्रभावतीगुप्ताचा ताम्रपट मिळाला, तो याच काळातला. प्रभावतीगुप्ता म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची पोरगी आणि आपल्या नंदिवर्धनची, आजच्या नगरधनची, राज्य चालवणारी बाई. नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयात, वही घेऊन दोन-चार दिवस काढा, तिकीट काढून नुसती सेल्फी घेऊन परत येऊ नका.

फील्ड कॅम्प. याच्यासाठीच सगळे येतात आणि पहिल्या आठवड्यात अर्धे रडतात. हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल. सकाळी सहाला ट्रेंचवर, म्हणजे खोदकामाच्या खड्ड्यावर, सूर्य वर यायच्या आत फोटो, मग खुरपीनं एकेक पापुद्रा. पाच बाय पाच किंवा दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखतात, दोन चौकोनांच्या मधे न खोदलेली भिंत ठेवतात ती बाल्क, तिच्यावर चालू नका, बसू तर नकाच. थरांचे नंबर वरून खाली, एक नंबर म्हणजे सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा. सोपं वाटते ना, मग पेव लागते. धान्य साठवायचं पेव, तीनशे वर्षांपूर्वी कोणी खणलं असेल, ते खालचे चार जुने थर कापत गेलं, आणि त्यात पडलेली नवी खापरं आता जुन्या थरांच्या लेव्हलला दिसून राहिली. ज्याला पेवाची कड दिसली नाही त्यानं नवं भांडं दोन हजार वर्षं जुनं करून टाकलं. दुसरी फसवणूक आपल्या काळ्या मातीची. उन्हाळ्यात कन्हारीला भेगा पडतात त्यात हात जातो, आपल्या ढोरांचे पाय अडकतात, मग वरची नाणी-मणी खाली मीटरभर सरकायला काय वेळ? शहरातल्या पोरांना हे चित्र काढून समजवावं लागते. तुम्हाला नाही लागणार. कन्हार, सिहार, खरडी, बरडी हा मातीतला फरक ज्याला पायाला कळते त्याला मातीच्या रंगाचं ते मुन्सेल पुस्तक वापरायला अर्धा तास पुरते.

मला हे शिकवलं ते आमच्या गावच्या एका काकाजींनी, त्यांनी तरुणपणी खोदकामावर मजुरी केली होती. मी सुट्टीत घरी आलो की ते ओसरीवर खुरपी घेऊन दाखवायचे, "पाह्य, आवाज आयक. भद् आला तं भराव हाये, टक् आला तं सारवलेलं हाये, तिथं हात थांबव." पुढं कॅम्पवर मला खरंच घराची जमीन सापडली ती या आवाजावरून, ट्रेंच सुपरवायझर बोलायच्या आत. प्रत्येक साइटवर असे जुने मजूर असतात, त्यांना काकाजी-मावशी म्हणा, त्यांच्यासोबत डबा खा, आणि ते हात थांबव म्हटले की थांबवा.

नंतर पॉटरी यार्ड. खोदण्यापेक्षा जास्त वेळ इथं जाते आणि इथंच माझी फजिती झाली. खापरं ब्रशनं धुऊन थरांप्रमाणे वेगवेगळी वाळत घालायची, प्रत्येक ढिगासोबत चिठ्ठी. मी दोन थरांची खापरं बाजूबाजूला टाकली, चिठ्ठ्यांवर गोटा ठेवला नाही, चहा प्यायला गेलो, दुपारी वारं सुटलं. परत आलो तर चिठ्ठ्या तुरीच्या वावरात. दोन दिवसांचं आठ माणसांचं काम, सगळी खापरं एका पोत्यात, पोत्यावर लिहिलं 'थर अनिश्चित'. कोणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर, पेन्सिलनं लिहिलेली कारण पेनाची शाई पाण्यानं जाते, आणि वर गोटा.

कॅम्पला न्यायचं सामान: पायाचे बूट पूर्ण बंद, साप-विंचू आपल्याला नवे नाहीत पण रात्री तंबूत लक्षात राहत नाही, पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट, दुपट्टा, टॉर्च, पाच मीटरचा टेप, दोन-तीन पेन्सिली, स्वतःची खुरपी धार काढून. पोरींनी संडास-बाथरूमची सोय काय आहे ते निघायच्या आधी स्पष्ट विचारा, लाजू नका, विचारलं की सोय होते, नाही विचारलं की सगळे गृहीत धरतात.

दुसऱ्या वर्षाला डिझर्टेशन. अजिंठा घेऊ नका बाप्पा, हजार जणांनी घेतलं. आपला तालुका घ्या. टोपोशीट, म्हणजे सर्व्हेचा नकाशा, घ्या १:५०,००० ची, त्यावर नदीच्या दोन्ही बाजूला पाच-पाच किलोमीटर पट्टा आखा आणि गाव ना गाव चाला, रिठी, गढी, देऊळ, वीरगळ (लढाईत मेलेल्या वीराचा दगड), सतीशिळा, सगळं नोंदवा. ज्या गावात धरणाचं पाणी येणार ते आधी. पूर्णेच्या काठी बुलढाणा जिल्ह्यात भोण आहे, तिथं स्तूप निघाला आणि ती जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते, अशा वेळी कोणी आधी चालून नोंद केली असेल तीच पुढं उरते. गावात फिरताना मात्र सरपंचाला किंवा पोलीस पाटलाला आधी भेटा, कॉलेजचं पत्र खिशात ठेवा, नाहीतर अमावस्येच्या आसपास टेकाडावर टेप घेऊन फिरणारा पोरगा म्हणजे गुप्तधनवालाच, मला एकदा पन्नास माणसांनी घेरलं होतं.

आता नोकरी. खरं सांगतो, जागा थोड्या आणि जाहिराती दरवर्षी येत नाहीत. एएसआयच्या वरच्या पोस्ट यूपीएससीतून, राज्याच्या काही एमपीएससीतून. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देताना पुरातत्त्व हा वेगळा विषय आहे, त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर सध्या महिन्याला ३७,००० रुपये, त्यावर पीएचडी निघते, शिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. एमएनंतर एएसआयच्या ग्रेटर नोएडाच्या संस्थेत दोन वर्षांचा डिप्लोमा करता येते, जागा मोजक्याच. मधल्या काळात प्रोजेक्टवर काम, म्युझियम, गाइड, स्पर्धा परीक्षेचे क्लास घेणं, सगळं करावं लागते, मी तीन वर्षं केलं, अजून थोडं करून राहिलो. घरी दोन एकर आहे म्हणून जमलं हेही लिहितो, नाहीतर उगाच हिरो वाटेल.

रिठीवर कधी जायचं तेवढं राहिलं. मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवसांनी, वखरणी झालेली राहते, पेरणी व्हायची राहते, आणि पावसानं खापरं धुऊन वर आलेली राहतात, लाल-काळी लांबूनच दिसतात. वावरवाल्याला विचारून जा, धुऱ्यानं चाला, सकाळी सहा ते नऊ. दोन हप्ते उशीर केला तर पेरणी झाली, आणि कपाशी गुडघ्याला आली की मग दिवाळीनंतरच.